४७ अंशांच्या चंद्रपुरात आइस हॉकी होऊ शकते का? उत्तर या खेळाच्या स्टेडियममध्ये दडलंय

चंद्रपूरचा उन्हाळा म्हणलं की महाराष्ट्रात कुणालाच जास्त सांगावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी इथली माणसं म्हणतात, अजून नवतपा यायचाय. देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांची यादी निघाली की चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावं त्यात हमखास दिसतात. शेजारच्या गडचिरोलीत जंगल दाट आहे, पण उन्हाळा तिथंही कुणाला सोडत नाही.

अशा ठिकाणी कुणी म्हणलं की आपण आइस हॉकीचं स्टेडियम बांधू, तर लोक त्याला आधी सावलीत बसवतील, कांद्याचं पन्हं देतील आणि मग विचारतील, बाबा बरा आहेस ना?

पण प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. कारण आज आइस हॉकीचे सामने अमेरिकेच्या लास व्हेगासमध्ये होतात, जे शहर वाळवंटात आहे. संयुक्त अरब अमिरातीत होतात. इतकंच कशाला, भारताच्या महिला संघाने आशियाई स्तरावरचं पहिलं पदक जिंकलं ते काश्मीरमध्ये किंवा लडाखमध्ये नाही, तर अमिरातीतल्या अल-ऐन या वाळवंटी शहरात. आणि तेही २०२५ च्या जूनमध्ये, जेव्हा बाहेर अंडं फोडलं तर डांबरावर शिजेल अशी परिस्थिती असते.

मग चंद्रपुरात का नाही?

याचं उत्तर शोधायचं तर गेल्या दीडशे वर्षांत हा खेळ कुठंकुठं खेळला गेला ते बघावं लागतं. एका वाक्यात सांगायचं तर आइस हॉकीच्या मोठ्या स्पर्धांचा इतिहास हा बर्फाला हवामानापासून सोडवण्याचा इतिहास आहे. आणि जसजसा बर्फ हवामानापासून सुटला, तसतसा तो दुसऱ्या एका गोष्टीच्या ताब्यात गेला. ती गोष्ट कोणती, ते पुढे येईलच.

सुरुवात झाली ती छपराखाली, पण थंडी मात्र फुकटची

आधी खेळ समजून घेऊ. आइस हॉकीत एका वेळी प्रत्येक संघाचे ६ खेळाडू बर्फावर असतात, पायात स्केट्स. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. मैदानाला म्हणतात रिंक. आंतरराष्ट्रीय रिंक साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटरपर्यंत रुंद. बाजूने फळ्यांची भिंत, म्हणजे चकती बाहेर जात नाही आणि खेळ थांबत नाही.

हा खेळ गोठलेल्या तळ्यांवर आधीपासून खेळला जायचा. पण ठरवून, नियम लावून, छपराखाली झालेला पहिला सामना म्हणून नाव घेतलं जातं ते ३ मार्च १८७५ च्या सामन्याचं. जागा होती कॅनडातल्या माँट्रियलची व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक. दोन्ही बाजूंनी ९-९ खेळाडू होते. आत बसलेल्या प्रेक्षकांना लागू नये म्हणून चेंडूऐवजी लाकडाची चपटी चकती वापरली गेली. म्हणजे आजचा पक जसा आहे त्यामागेसुद्धा इमारतीचा हात आहे.

आणखी एक गंमत. ती रिंक साधारण २०० फूट लांब आणि ८० फूट रुंद होती. आज उत्तर अमेरिकेत रिंकचं माप आहे २०० बाय ८५ फूट. दीडशे वर्षांपूर्वी एका इमारतीत जेवढी जागा होती, तेवढं माप खेळाला चिकटलं ते आजतागायत.

पण लक्षात घ्या, व्हिक्टोरिया रिंकला छप्पर होतं, मशीन नव्हतं. बाहेरची थंडी आत यायची आणि पाणी गोठायचं. माँट्रियलच्या हिवाळ्यात ते जमून जायचं.

मशीनने बर्फ करायचा प्रयोग त्याच सुमारास लंडनमध्ये झाला. १८७६ मध्ये जॉन गॅमगी नावाच्या माणसाने ग्लेशियारियम नावाची रिंक उघडली. जमिनीखाली नळ्या, नळ्यांमधून थंड केलेला द्रव फिरवायचा आणि वर पाणी गोठवायचं. आजच्या प्रत्येक रिंकमागे हीच कल्पना आहे.

ऑलिंपिकची पहिली आइस हॉकी झाली उन्हाळी ऑलिंपिकमध्ये

हे अनेकांना माहीत नसतं. हिवाळी ऑलिंपिक सुरू झालं १९२४ ला. पण आइस हॉकी त्याच्या चार वर्षं आधीच ऑलिंपिकमध्ये आली होती. १९२० ला बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये उन्हाळी ऑलिंपिक होतं, त्यातच एप्रिल महिन्यात हे सामने उरकून घेतले गेले. शहरात पॅले द ग्लास नावाची बंदिस्त रिंक आधीच होती, म्हणून ते शक्य झालं. ७ देश खेळले, सुवर्णपदक कॅनडाने नेलं.

गंमत बघा, ऑलिंपिकमधला पहिला सामना वसंतात, छपराखाली झाला. पण १९२४ ला खास हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या आणि खेळ पुन्हा उघड्यावर आला. फ्रान्समधल्या शामोनीला डोंगराच्या पायथ्याशी मोठं मोकळं मैदान गोठवलं होतं. तिथं कॅनडाने स्वित्झर्लंडला ३३-० ने हरवलं. हा आकडा छपाईची चूक नाही.

म्हणजे त्या काळचं गणित सरळ होतं. ज्यांच्या घराशेजारचं तळं वर्षातले चार महिने गोठतं, ते ३३ गोल करणार. बाकीचे खाणार.

आणि मग बर्फ वितळला

उघड्यावरच्या बर्फाची अडचण काय, ते लवकरच कळलं.

१९२८ चं हिवाळी ऑलिंपिक स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झला होतं. आल्प्समध्ये फॉन नावाचा उबदार वारा वाहतो. तो स्पर्धेच्या मध्यावर आला आणि पाणीच पाणी झालं. १० हजार मीटर स्पीड स्केटिंगची शर्यत अर्ध्यात सोडून द्यावी लागली, ती पूर्ण झालीच नाही.

१९३० ला तर आइस हॉकीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचीच फजिती झाली. स्पर्धा शामोनीला सुरू झाली, हवा तापली, बर्फ खेळण्यालायक राहिला नाही. शेवटी उरलेले सामने उचलून दुसऱ्या शहरांत न्यावे लागले. अंतिम सामना झाला थेट बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट या बंदिस्त सभागृहात. लग्नाच्या दिवशी पाऊस आला म्हणून मांडव सोडून गावच्या शाळेत लग्न लावावं, तसा हा प्रकार होता. फरक इतकाच की इथं शाळा दुसऱ्या देशात होती.

यातून आयोजक शिकले. १९३२ ला अमेरिकेच्या लेक प्लॅसिडमध्ये हिवाळी ऑलिंपिकसाठी पहिल्यांदा बंदिस्त बर्फाचं अरेना बांधलं गेलं. महामंदीचा काळ होता, प्रवासाला पैसा नव्हता, त्यामुळे आइस हॉकीत फक्त ४ देश आले. पण कल्पना रुजली.

तरी एका दमात सगळं बदललं नाही. १९३६ ला जर्मनीत काही सामने कृत्रिम बर्फाच्या स्टेडियममध्ये झाले आणि काही चक्क रीसर्झे नावाच्या गोठलेल्या तळ्यावर. १९४८ ला पुन्हा सेंट मॉरिट्झ, पुन्हा उघडं आकाश. १९५२ ला ओस्लो आणि १९५६ ला इटलीतलं कोर्तिना इथं बर्फ मशीनने केलेला होता, पण डोक्यावर छप्पर नव्हतं.

उघड्यावरच्या खेळाची एक मजा मात्र होती, ती म्हणजे गर्दी. १९५७ ला जागतिक स्पर्धेचा निर्णायक सामना मॉस्कोच्या फुटबॉल स्टेडियममध्ये रिंक तयार करून खेळवला गेला. ५० हजारांच्या वर लोक आले. सोव्हिएत संघ आणि स्वीडन यांच्यातला सामना ४-४ असा सुटला आणि अजिंक्यपद स्वीडनने नेलं.

मधला टप्पा: तीन बाजूंनी भिंत, एक बाजू मोकळी

१९६० चं ऑलिंपिक अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीला झालं. तिथलं ब्लाइथ अरेना हे अर्धं बंदिस्त, अर्धं मोकळं होतं. वर छप्पर, पण एक बाजू उघडी.

तिथं एक डोकेबाज काम केलं होतं. फ्रीजच्या मागच्या बाजूला हात लावला तर गरम लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. कारण फ्रीज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. रिंकचंही तसंच. बर्फ करताना निघालेली उष्णता स्क्वॉ व्हॅलीत वाया घालवली नाही. ती प्रेक्षकांना ऊब द्यायला, गरम पाण्याला आणि छपरावरचा बर्फ वितळवायला वापरली.

पुढे १९८३ ला हेच छप्पर बर्फाच्या भाराने कोसळलं. ऑलिंपिक झालं, पदकं वाटून झाली, जग पुढं गेलं. इमारत मात्र तिथेच उभी असते आणि तिला रोज कुणीतरी सांभाळावं लागतं. ही गोष्ट पुढच्या सगळ्या कहाणीत येत राहते.

१९६४ च्या इन्सब्रुकपासून ऑलिंपिकची आइस हॉकी कायमची छपराखाली गेली ती गेलीच.

एकदा आत गेल्यावर मग काहीही शक्य झालं

छप्पर आलं, मशीन आलं, म्हणल्यावर बाहेर काय आहे याने फरक पडेना. मग एकाहून एक जागा निवडल्या गेल्या.

१९८० ला पुन्हा लेक प्लॅसिड. २२ फेब्रुवारीला अमेरिकेच्या कॉलेजमधल्या पोरांच्या संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ ने हरवलं. त्या अरेनाला २००५ मध्ये प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स यांचं नाव दिलं गेलं.

१९८८ ला कॅलगरीचं सॅडलडोम, ज्याचं छप्पर घोड्याच्या खोगिरासारखं आहे. ऑलिंपिकसाठी बांधून नंतर ओस पडलेल्या जागांची उदाहरणं खूप आहेत. हे त्यातलं नाही, कारण तिथं कॅलगरी फ्लेम्स हा व्यावसायिक संघ आधीपासून खेळत होता आणि नंतरही खेळत राहिला.

१९९४ ला नॉर्वेने कहर केला. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा भागातल्या माणसाला ही गोष्ट पटकन कळेल, कारण जमिनीखालचं काम म्हणजे काय ते इथं घराघरात माहीत आहे. नॉर्वेतल्या योविक शहरात डोंगर आतून पोखरून स्टेडियम बनवलं. खडकात खोदलेली गुहा ६१ मीटर रुंद, ९१ मीटर लांब आणि २५ मीटर उंच. आत एकही खांब नाही, वरचा डोंगर खडकाच्या स्वतःच्या कमानीवर आणि त्यात ठोकलेल्या बोल्टवर उभा. ५ हजारांच्या वर माणसं आत बसून सामना बघतात. फायदा काय? डोंगराच्या पोटात तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं, त्यामुळे आतली हवा सांभाळायला कमी कष्ट पडतात.

१९९८ ला जपानच्या नागानोत महिलांची आइस हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली. तिथली एक रिंक होती अ‍ॅक्वा विंग. नावातच गोम आहे. ती जलतरण तलाव म्हणूनच आखली होती. ऑलिंपिकपुरतं पाणी गोठवलं, नंतर त्याचं पाणीच राहू दिलं.

२०१० ला जर्मनीत गेल्सेनकिर्खेनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये तात्पुरती रिंक टाकून जागतिक स्पर्धेचा पहिला सामना झाला. प्रेक्षक आले ७७,८०३.

२०१४ ला तर रशियाने हिवाळी ऑलिंपिक सोचीला घेतलं. सोची म्हणजे काळ्या समुद्राकाठचं शहर, जिथं रशियन लोक उन्हाळ्यात पोहायला जातात. आणि २०२२ ला बीजिंगने २००८ साली जिम्नॅस्टिक्स आणि बास्केटबॉलसाठी बांधलेल्या सभागृहांमध्येच बर्फ टाकून आइस हॉकी खेळवली.

शामोनीच्या डोंगरापासून सोचीच्या किनाऱ्यापर्यंत ९० वर्षं लागली. पण निसर्गाची थंडी ही अट कायमची निघून गेली.

मग चंद्रपुरात रिंक बांधायला नेमकं काय लागेल?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

रिंकचं अंग असं असतं. सगळ्यात खाली जमिनीकडून उष्णता येऊ नये म्हणून थर. त्यावर काँक्रीट आणि काँक्रीटमध्ये गाडलेल्या काही किलोमीटर लांबीच्या नळ्या. त्या नळ्यांमधून मिठाचं किंवा ग्लायकॉलचं पाणी शून्याच्या खाली थंड करून फिरवतात. हे पाणी गोठत नाही, पण वरच्या काँक्रीटला गोठवून टाकतं. मग वर साधं पाणी पातळ थरांमध्ये फवारत जायचं. मध्ये पांढरा रंग, लाल-निळ्या रेषा, पुन्हा पाणी. असा सगळा मिळून ३ सेंटिमीटरच्या आसपास जाडीचा बर्फ तयार होतो.

फक्त ३ सेंटिमीटर. म्हणजे ६० बाय ३० मीटरच्या रिंकला पाणी लागतं साधारण ५४ हजार लिटर. १० हजार लिटरचे साडेपाच टँकर. पाणी हा मोठा प्रश्न नाहीच.

खरा प्रश्न आहे उष्णतेचा. आइस हॉकीसाठी बर्फाचा पृष्ठभाग उणे ५ अंशांच्या आसपास ठेवतात. बाहेर ४७ असेल तर फरक झाला ५२ अंशांचा. भिंतीतून, छपरातून, दार उघडलं की दारातून, प्रत्येक प्रेक्षकाच्या अंगातून उष्णता आत येत राहणार आणि मशीनला ती उचलून बाहेर टाकत राहावी लागणार. बाहेर जितकं गरम, तितकं ते ओझं जड. मे महिन्यात घरातला फ्रीज जास्त वेळ का घरघरतो, त्याचं कारण हेच.

दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. चंद्रपुरातल्या कुणालाही वाटेल की हॉलमध्ये चार मोठे कूलर लावून टाकू. पण कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळून. ती ओली हवा बर्फाला लागली की तिच्यातलं पाणी बर्फावर जमतं आणि जमताना स्वतःची उष्णता बर्फाला देऊन जातं. हॉलमध्ये धुकं होतं, छपरावरून थेंब गळतात, बर्फावर उंचवटे येतात. म्हणून रिंकमध्ये कूलर चालत नाही, उलट हवा कोरडी करणारी यंत्रं लागतात. म्हणजे रिंकच्या दृष्टीने चंद्रपूरचा कोरडा मे एक वेळ परवडला, जुलै-ऑगस्टचा पाऊसकाळ जास्त छळेल.

आणि खेळ चालू असताना बर्फावर स्केट्सचे ओरखडे पडतात, त्यासाठी गाडी लागते. ती बर्फ तासते आणि मागे गरम पाणी सोडत जाते. हो, गरमच. गरम पाण्याने वरचा थर किंचित विरघळतो आणि नवं पाणी जुन्या बर्फाला घट्ट चिकटून सपाट गोठतं. ही गाडी १९४९ ला कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनी यांनी बनवली. बर्फाच्या खेळातलं हे सगळ्यात प्रसिद्ध यंत्रसुद्धा गरम प्रदेशातल्या माणसाचं आहे.

तर तांत्रिक उत्तर काय? होऊ शकतं. चंद्रपुरात आइस हॉकी नक्की होऊ शकते. लागते फक्त वीज. भरपूर, अखंड, रोजच्या रोज.

आणि वरकरणी बघितलं तर विजेबाबत चंद्रपूरचा हात कोण धरणार? चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. पण ती वीज कोळसा जाळून होते, राज्यभर जाते आणि राख व धूर मात्र इथंच उरतो. मशीनची थंडी फुकट नसते. कुठंतरी एक जागा थंड करायची तर दुसरी जागा तापवावी लागते.

बर्फ कुणाच्या ताब्यात गेला?

सुरुवातीला म्हणलं होतं की बर्फ हवामानापासून सुटला आणि दुसऱ्या गोष्टीच्या ताब्यात गेला. ती गोष्ट म्हणजे विजेचं बिल आणि ते भरणारा माणूस.

याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. जानेवारी २०११ मध्ये भारतात दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. बर्फावरच्या घसरगुंडीचे खेळ औलीला आणि रिंकवरचे खेळ डेहराडूनला. त्यासाठी डेहराडूनच्या महाराणा प्रताप स्पोर्ट्स कॉलेजच्या आवारात मोठी बंदिस्त रिंक उभारली. स्पर्धा संपली. त्यानंतर ही रिंक वर्षानुवर्षं बंद पडून राहिली. भारतात आइस हॉकी खेळणारी पोरं होती, रिंकही होती, पण बर्फ नव्हता. अखेर दुरुस्ती होऊन हिमाद्री या नावाने ती सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथं आशियाई स्तरावरची शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग स्पर्धा झाली. मधली जवळपास एक पिढी या बर्फाविना मोठी झाली.

या काळात भारताची आइस हॉकी जगवली ती लडाखच्या तळ्यांनी. तिथं हिवाळ्यात जेमतेम दोनेक महिने नैसर्गिक बर्फ मिळतो. भारताच्या महिला संघातल्या बहुतेक मुली तिथल्याच. त्यांनी २०१६ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली आणि ९ वर्षांनी अल-ऐनच्या मशीनच्या बर्फावर कांस्यपदक जिंकलं. आता लेहच्या एनडीएस स्टेडियममध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांची आइस हॉकी होते. तिथं स्केटिंगमध्ये महाराष्ट्राची मुलंसुद्धा पदकं घेऊन येतात, ज्या महाराष्ट्रात एकही तळं गोठत नाही. ही मुलं चाकांच्या स्केट्सवर घडतात आणि मग बर्फावर उतरतात.

पण नैसर्गिक बर्फाचा भरवसा आता कमी होत चाललाय. शिमल्याची रिंक १९२० पासून निव्वळ थंडीवर चालते आणि तिथला हंगाम ऊबदार हिवाळ्यांमुळे आक्रसतोय. म्हणजे १९३० ला शामोनीत जे एकदा घडलं, ते आता वारंवार घडण्याची भीती आहे. त्यावर उपाय एकच, मशीन. आणि मशीन म्हणजे पुन्हा वीज.

साराजेवोची गोष्ट

स्टेडियमचं पुढं काय होतं, याचं सगळ्यात अंगावर येणारं उदाहरण म्हणजे झेत्रा. १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी युगोस्लाव्हियातल्या साराजेवो शहरात हे सभागृह बांधलं. तिथं आइस हॉकी झाली, फिगर स्केटिंग झालं, समारोपही तिथंच झाला. ८ वर्षांनी देश फुटला, युद्ध सुरू झालं. साराजेवोला वेढा पडला, झेत्रावर तोफगोळे पडले. तळघरात मृतदेह ठेवले जाऊ लागले. बसायच्या लाकडी आसनांच्या फळ्यांपासून शवपेट्या बनवल्या. शेजारची मोकळी जागा दफनभूमी झाली.

१९९९ ला हे सभागृह पुन्हा उभं राहिलं आणि आज ते चालू आहे. कारण त्या शहराला पदकांच्या आठवणीपेक्षा एक जागा हवी होती, जिथं पोरं पुन्हा खेळू शकतील.

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी यात काय आहे?

आइस हॉकीच्या इतिहासातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. मैदान कुठं आहे, यावर खेळाडू कोण होणार हे ठरतं. तळी गोठत होती तेव्हा कॅनडा ३३ गोल करत होता. बंदिस्त रिंक आल्यावर जपान, कोरिया, इटलीसारखे देशही मोठ्या स्पर्धा भरवू लागले. डेहराडूनची रिंक बंद होती तेव्हा सखल भागातल्या पोरांना बर्फ दिसलाच नाही.

हेच सूत्र कुठल्याही खेळाला लागू होतं. बल्लारपूरजवळ विसापूरला तालुका क्रीडा संकुल उभं राहिलं, सिंथेटिक ट्रॅक आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये देशभरातली शाळकरी मुलं राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धेसाठी तिथं धावून गेली. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच आश्रमशाळेत शिकणारी आदिवासी मुलं २०१८ मध्ये मिशन शौर्यमधून एव्हरेस्टच्या शिखरावर पोचली. अंगात दम आहे याचा पुरावा आता वेगळा द्यायची गरज नाही.

म्हणून विचारायचा प्रश्न चंद्रपुरात आइस हॉकीची रिंक होऊ शकते का, हा नाही. पैसा आणि वीज ओतली तर ती होईल. प्रश्न हा आहे की जे मैदान बांधलंय, त्यावर स्पर्धा संपल्यानंतरच्या मंगळवारी सकाळी कोण खेळतं? एटापल्लीच्या, भामरागडच्या, जिवतीच्या पोरीला तिथवर यायला बस आहे का? राहायला वसतिगृह आहे का? ट्रॅक उखडला तर दुरुस्तीचा पैसा कुठल्या खात्यातून येणार, हे आधी ठरलंय का?

कॅलगरीला याचं उत्तर आधीच माहीत होतं, म्हणून ते अरेना भरलेलं राहिलं. नागानोने उत्तर नकाशातच लिहून ठेवलं होतं, म्हणून रिंकचा तलाव झाला. डेहराडूनला उत्तर सापडायला डझनभराहून जास्त वर्षं लागली.

पुढच्या वेळी तुमच्या तालुक्यात एखाद्या भव्य क्रीडा संकुलाचं भूमिपूजन होईल, तेव्हा किती कोटींचं आहे हे विचाराच. पण त्यासोबत दरवर्षीच्या देखभालीला किती ठेवलेत, हेही विचारा. मैदान किती वर्षं चालणार, ते या दुसऱ्या आकड्यावरून कळतं.